म्युझस्कोरमध्ये उलटा कॉर्ड कसा लिहायचा

म्युझस्कोर म्हणजे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर. आधी एक घोळ मिटवू, इन्व्हर्जनसाठी, म्हणजे उलट्या कॉर्डसाठी, कॉर्डच्या नावात वेगळं चिन्ह बिन्ह काही नसतं, सी मेजर म्हणजे सा ग प (सी, ई, जी), त्यातला ग खाली बेसला आणला की फर्स्ट इन्व्हर्जन, प आणला की सेकंड, आणि लिहायचं फक्त सी/ई किंवा सी/जी. स्लॅशच्या आधी कॉर्ड, नंतर बेसचा सूर, संपलं.

आता टायपिंग. ज्या नोटवर कॉर्ड हवा ती सिलेक्ट करा, कंट्रोल के दाबा (मॅकवाल्यांनी कमांड के), आणि मधे स्पेस न देता सरळ टाइप करा. स्पेस दिलीत की कर्सर पळाला पुढच्या नोटवर! फ्लॅटला छोटा बी, शार्पला हॅश. चार मात्रांची एकच लांब नोट आहे आणि तिसऱ्या बीटवर कॉर्ड बदलतोय, तर बॉक्स उघडा असतानाच अर्धविरामाची की दाबत जा, बीट बीट पुढे सरकतं.

हे करून बघा: सी, जी/बी, ए मायनर, ए मायनर/जी, एफ. बेस बघा कसा उतरतो, सा नी ध प म. हेच मी एकदा स्लॅश न लावता नुसते कॉर्ड लिहून दिलं होतं, बेसवाला बिचारा सा प ध ध म अशा उड्या मारत बसला, चूक त्याची नव्हतीच. सेव्हन्थला, म्हणजे चार सुरांच्या कॉर्डला, तिसरं इन्व्हर्जन पण असतं हां, जी७/एफ. पण एफ/जी दिसलं म्हणून त्याला इन्व्हर्जन म्हणू नका, एफच्या कॉर्डमध्ये जी नाहीच, तो नुसता बाहेरचा बेस. आणि डी/एफ शार्प लिहायचं, डी/जी फ्लॅट नाही, पियानोवरची पट्टी तीच असली तरी वाचणारा अडखळतो.

सगळ्यात महत्त्वाचं, कॉर्ड कंट्रोल टी वाल्या साध्या टेक्स्टमध्ये लिहू नका, दिसतं जवळपास तसंच पण प्लेबॅकला वाजत नाही. तसं लिहिलेलं माझं एक गाणं पांढरी एक (सी) मधून काळी पाचला (बी फ्लॅट) आणायचं होतं, ट्रान्सपोज केलं, नोटा उतरल्या आणि सी/ई तिथेच, बी फ्लॅट/डी व्हायला हवं होतं. रिहर्सलच्या आदल्या रात्री बत्तीस बार हाताने. नीट कंट्रोल के ने लिहिलं असेल तर ट्रान्सपोजच्या खिडकीत कॉर्ड सिम्बॉलची टिक तेवढी आहे ना बघा, स्लॅशखालचा सूरही सोबत उतरतो.