नेदरलँड्सहून शिकागोत? आधी क्रेडिट कार्ड
नेदरलँड्समध्ये डेबिट कार्डावर सगळं भागतं आणि डोक्यावर कर्ज नसणं ही जमेची बाजू. शिकागोत मात्र असा डच माणूस घरमालकाच्या लेखी कोरी पाटी, कारण कर्जफेडीची नोंदच नाही. तिकडची चोख परतफेड इथल्या नोंदींत येत नाही. म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार देतं तो ओळख क्रमांक) हाती आला की ‘सिक्युअर्ड’ क्रेडिट कार्ड घ्या. अनामत ठेवायची, साधारण तेवढीच मर्यादा मिळते. त्यावर फक्त किराणा आणा आणि बिल दरमहा पूर्ण फेडा. नुसती किमान रक्कम भरलीत तर व्याज चांगलंच झोंबतं. फायको स्कोअर, म्हणजे तुमची पत दाखवणारा आकडा (३०० ते ८५०), तयार व्हायला निदान ६ महिने लागतात. तोवर भाड्याचं घर बघताना नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या पुढे करा. आणि हो, कार्डाची माहिती तिन्ही क्रेडिट ब्युरोंना (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना) जाते ना, हे बँकेत आधीच विचारा.