पीडीएफचा पीपीटी मागायला येण्याआधी

वेंगुर्ल्यात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. ट्रेनिंगचे दिवस आले की पीडीएफ असलेला पेन ड्राइव्ह पुढे करून एकच मागणी, पीपीटी म्हणजे पॉवरपॉइंटच्या स्लाइड करून द्या: "ह्येचा पीपीटी करून दी गो बाय, माका उद्या सकाळी होया."

बटण दाबलं की पीपीटी होतो, ते खोटं नाही. पण पीडीएफमध्ये परिच्छेद, तक्ता असं काही बहुधा नसतंच. कुठलं अक्षर पानावर कुठे छापायचं, एवढाच हिशेब असतो. कन्व्हर्टर, म्हणजे फाइल बदलून देणारा प्रोग्रॅम, त्यावरून अंदाज बांधतो आणि बरेचदा दर ओळीची वेगळी पेटी करून ठेवतो. एक शब्द वाढवलात की पुढचं सगळं हाताने सरकवत बसा.

म्हणून आधी एक मिनिट द्या. पीडीएफमधली एक ओळ माऊसने धरा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये टाका. ओळ धरताच येत नसेल तर तो स्कॅन, म्हणजे नुसता फोटो. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोपाळकाला पडला तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात आहे. मराठी दिसतंय पण 'किती'चं 'िकती' झालंय, जोडाक्षरं तुटलीत, तर दुरुस्तीला तयार राहा. कधी कधी नव्याने टाइप करणंच लवकर होतं.

स्कॅन असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, तो मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतो. आकडे मात्र मूळ कागदाशी एकेक ताडून बघा. मी एकदा ताडले नाहीत. एका गुरुजींच्या ट्रेनिंगसाठी काजूच्या जातींचा तक्ता होता, वेंगुर्ला-४ च्या बीचं वजन ७.७ ग्रॅम. मधला टिंब गळला आणि पडद्यावर ७७ ग्रॅम! मागून एक आजोबा म्हणाले, "येवढी बी, तर बोंडू केवढो?" बोंडू म्हणजे काजूचं फळ. त्या गुरुजींनी अजून मला ते ऐकवायचं सोडलेलं नाही.

तक्ता पाच-सहा ओळींचा असेल तर पॉवरपॉइंटमध्ये नवाच करा. आलेखाचं तर फक्त चित्र किंवा सुट्या रेघा येतात, मागचे आकडे येत नाहीत. आकडे मिळवा आणि आलेख परत काढा.

जसंच्या तसं पान दाखवायचं असेल तर गणित बघा. रुंद स्लाइडची उंची साडेसात इंच. त्यात उभं ए-फोर पान बसवलं की रुंदी भरते जेमतेम ५.३ इंच, उरलेले आठ इंच मोकळे. १२ पॉइंटचं अक्षर पावणेआठचं होतं, मागच्या बाकावर कोण वाचणार? त्यापेक्षा विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून हवा तेवढाच तुकडा कापा आणि स्लाइडभर लावा.

मूळ पीपीटीवरूनच पीडीएफ बनवलेली असेल तर उलट फिरवून ॲनिमेशन परत येत नाही. ज्याने पाठवली त्याला फोन करून मूळ फाइल मागा. एवढ्याने निम्म्या लोकांचं काम होतं आणि माझं गिऱ्हाईक जातं.

सातबारा, आधार असलेली पीडीएफ फुकटच्या कन्व्हर्टर साइटवर चढवू नका.

आणि पावसात संध्याकाळी सातनंतर पेन ड्राइव्ह आणू नका. लाइट गेली की माझा इन्व्हर्टर एका पंख्यापुरताच आहे.