टेबलातला वॉटर-कूल्ड पीसी: पाणी काढायची वाट आधी ठरवा

टेबलाच्या आतच वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर बसवणार असाल, तर पाणी कुठून भरायचं याच्याआधी ते कुठून काढायचं हे ठरवा. कॅबिनेट उचलून तिरपं करता येतं, भरलेलं टेबल नाही. म्हणून लूपमधल्या (पाणी फिरवून भाग थंड ठेवणाऱ्या नळ्यांच्या बंद चक्रातल्या) सगळ्यात खालच्या जागी टी-फिटिंग (T आकाराचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह (छोटा नळ) लावा. त्याचं तोंड टेबलाच्या तळातून बाहेर काढा आणि खाली बादली मावेल एवढी जागा ठेवा. रिझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची छोटी टाकी, पंपाच्या वर हवा. कोरडा चाललेला पंप लवकर खराब होतो.

पहिलं पाणी भरताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डच्या पॉवर केबल काढून ठेवा. पॉवर सप्लायच्या 24 पिनच्या कनेक्टरला तयार जंपर प्लग (मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय चालू करणारा) लावला की फक्त पंप चालतो. वायरचा तुकडा खुपसण्यापेक्षा हा प्लग बरा, स्वस्तही असतो. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा आणि पंप रात्रभर तरी फिरू द्या. टिश्यूवर ओला ठिपका दिसला की गळती नेमकी कुठे आहे ते कळतं. प्लायवुडच्या कापलेल्या कडा त्याआधीच वॉर्निशने बंद करा, त्या पाणी शोषून फुगतात.

रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) तांब्या-पितळेचा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक (प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिपवर बसणारा, पाणी वाहणारा ठोकळा) अजिबात घेऊ नका. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं. नळाचं पाणीही नको. गंजरोधक आणि शेवाळरोधक घातलेलं तयार कूलंट वापरा.