गोवा पोलीस भरती: अर्जाआधी कामाचं स्वरूप बघा

पोलीस कॉन्स्टेबल आणि इंडिया रिझर्व्ह बटालियन (राखीव पोलीस दल), दोन्हीकडे खाकीच. पण दिवस वेगळा जातो. पोलीस स्टेशनात तक्रारदार, पंचनामे, समन्स, म्हणजे माणसांशी बोलणं आणि लिहिणं. बटालियनमध्ये बहुतांशी बंदोबस्त आणि पहारा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ड्यूटीवरच्या शिपायाला तासभर बघा: भर उन्हात उभा, वाहतूक वळवतोय, वाट विचारणाऱ्यांना उत्तरं देतोय. हे जमेल का, मनाला प्रामाणिकपणे विचारा. चवथीला (गणेश चतुर्थीला), कार्निव्हलला सुट्टी मिळेलच असं नाही. घरच्यांना आधीच सांगा. अग्निशमन आणि अबकारी ही खाती वेगळी, त्यांच्या जाहिराती स्वतंत्र वाचा. गोव्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा. कोकणी यायला हवीच, मराठी येत असेल तर अर्जात जरूर लिहा.