विदर्भात पहिल्यांदाच ट्रेकला निघताय? आधी ही तयारी करा

विदर्भातले डोंगर सह्याद्रीच्या कड्यांसारखे छातीत धडकी भरवत नाहीत. इथं माणूस बेजार होतो तो उन्हानं, पाण्यावाचून आणि परतायला उशीर झाल्यानं. तयारी त्याच हिशोबानं करा.

आधी महिना ठरवा. नवख्यानं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा ट्रेकचं नावही काढू नका. पावसाळ्यात चिखलदरा हिरवागार असतो, पण शेवाळलेले दगड आणि बघता बघता फुगणारे नाले पहिल्या खेपेला नकोत.

मग जागा. गाविलगड, नरनाळा हे किल्ले मेळघाटच्या जंगलात आहेत. पायी कुठवर जाऊ देतात, गेट कधी बंद होतं, हे वनविभागाकडे आधीच विचारा. गावातला वाटाड्या सोबत घ्याच. तिथले पैसे वाचवू नयेत.

पंधरा दिवस आधीपासून रोज तासभर चाला, पाठीवर भरलेली बॅग घेऊन. बूटही त्याच दिवसांत पायात रुळू द्या. उतरताना टोंगळ्यांवर भार येतो, म्हणून एक मजबूत काठी हवी.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. हिवाळा सरता सरता नाले आटतात, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. सोबत ओआरएसची पाकिटं, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, डोक्याला दुपट्टा, टॉर्च.

अस्वलाची गोष्ट मात्र नीट समजून घ्या. हिवाळ्यात बोरं पिकतात आणि ती खाण्यात दंग असलेल्या अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही. एकदम समोर आलात की ते बिथरून अंगावर येतं. म्हणून झुडपी वाटेनं बोलत चला, एकट्यानं पुढं जाऊ नका. दिसलंच तर पळू नका, सावकाश मागं सरका. आग्यामोहोळाजवळ अत्तर, धूर, सिगारेट नको. साप चावला तर चिरणं, आवळून बांधणं नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

उजाडताच निघा. दुपारी बारापर्यंत जिथं पोचाल तिथून परत फिरा. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. म्हणून वाट कोणती, जण किती, परत किती वाजता, हे कागदावर लिहून घरी द्या आणि ठरल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर ११२ वर कळवायला सांगा.