निंबोळी अर्क आणि जैविक कीडनाशक एकत्र फवारताय? या चुका टाळा

जैविक कीडनाशकात बुरशी, जिवाणू किंवा विषाणू असतो. त्यात वनस्पती अर्क मिसळण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्या अर्कात हा जीव तगेल का, आणि किडीपर्यंत पोचेल का. फवारणी वाया जाते ती बहुतेक वेळा यातलं एक विसरल्यामुळे.

सगळे अर्क सारखे समजणे

लसणाचा अर्क बुरशीलाही मारतो. बिव्हेरिया, मेटारायझियम किंवा व्हर्टिसिलियम यांपैकी कीड मारणारी बुरशी असलेल्या टाकीत तो घातला, तर बीजाणूंची उगवणच मार खाते. कडुनिंबाचं तसं नाही, पण तिथेही तेल आणि पाण्यातला अर्क यांत फरक करा. निंबोळी तेलाचं प्रमाण वाढलं की बीजाणू कमी उगवतात. ५ टक्के निंबोळी अर्क त्या मानाने सौम्य असतो: ५ किलो निंबोळी गराची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा आणि पाणी घालून १०० लिटर करा. नीट गाळलं नाही तर नोझल तुंबतं.

बुरशी आणि निंबोळी ही जोडी जमते त्यालाही कारण आहे. अळीने कात टाकली की तिला चिकटलेले बीजाणू कातीबरोबर गळून पडतात. निंबोळीतलं अॅझाडिरॅक्टिन कात टाकणं लांबवतं, त्यामुळे बुरशीला कातडी भेदून आत शिरायला सवड मिळते.

बीटीबरोबर जहाल निंबोळी

बीटी (अळ्या मारणारा जिवाणू) आणि एनपीव्ही (अळ्या मारणारा विषाणू) अळीच्या पोटात गेल्याशिवाय काम करत नाहीत. अॅझाडिरॅक्टिन मात्र अळीचं खाणंच कमी करतं. म्हणजे एक औषध दुसऱ्याची वाट अडवतं. निंबोळीचं प्रमाण कमी ठेवून मिश्रण करता येतं, पण आमचा कल वेगळ्या फवारणीकडे आहे: आधी बीटी किंवा एनपीव्ही, आणि निंबोळी अर्क २-३ दिवसांनी. अळ्या लहान असतानाच फवारा. मोठ्या अळ्यांवर दोन्हींचा जोर कमी पडतो. मावा, पांढरी माशी अशा रसशोषक किडींवर अळ्यांसाठीचं बीटी वापरूच नका, त्या पान कुरतडत नाहीत.

साबणाचा सढळ हात

अर्क पानावर पसरावा म्हणून कपड्यांचा साबण किंवा सोडा घालतात आणि पाणी अल्कधर्मी होतं. बीटीचे स्फटिक आणि एनपीव्हीचं प्रथिनांचं कवच अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळण्यासाठीच असतं. टाकीतलं पाणी तसंच तीव्र अल्कधर्मी झालं तर तो प्रकार टाकीतच सुरू होतो. अॅझाडिरॅक्टिनही अशा पाण्यात लवकर विघटित होतं. पाण्याचा सामू (पीएच) ६ ते ७ ठेवा. चिकट द्रव्य उदासीन सामूचं घ्या.

पंप, पाणी, ऊन

आधी तांबेयुक्त किंवा दुसरं बुरशीनाशक फवारलेला पंप तसाच वापरला तर बुरशी टाकीतच मरते. दोन-तीनदा खळखळून धुवा. क्लोरीनचं पाणीही टाळा. अर्क आधी पाण्यात मिसळा आणि जैविक औषध सगळ्यात शेवटी, पातळ कालवून. मिश्रण रात्रभर ठेवू नका, लगेच संपवा. फवारणी संध्याकाळी करा: उन्हातली अतिनील किरणं बीजाणू, विषाणू आणि अॅझाडिरॅक्टिन तिन्हींना निकामी करतात, शिवाय बुरशीला रात्रीचा दमटपणा हवा असतो.

घाईने निकाल लावणे

बीटी खाल्लेली अळी काही तासांत खाणं थांबवते, पण मरायला २-३ दिवस लागतात. बुरशीला आठवडाभर किंवा जास्तही लागू शकतो. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून रासायनिक फवारणी करू नका.

बुरशीने काम केलं का, हे तपासायला मेलेल्या अळ्या ओल्या कापसावर, झाकणाच्या डबीत ठेवा. ३-५ दिवसांत अंगावर पांढरी पूड धरली तर बिव्हेरिया, आधी पांढरी आणि मग हिरवी झाली तर मेटारायझियम. नुसती काळी पडून सडली तर मृत्यूचं कारण बहुधा वेगळं आहे. नवीन अर्क वापरण्याआधी थोड्या झाडांवर नुसती बुरशी, नुसता अर्क आणि मिश्रण असं वेगवेगळं फवारून हीच तपासणी करा. मिश्रणातल्या अळ्यांवर पूड कमी धरली, तर तो अर्क त्या बुरशीबरोबर पुन्हा टाकीत घालू नका.