‘उलथापालथ’ या शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

सामानाची हलवाहलव सांगणारे अनेक शब्द मराठीत आहेत. त्यांपैकी ‘उलथापालथ’ हा शब्द व्युत्पत्ती शिकू पाहणाऱ्याने आधी हाती घ्यावा, कारण त्याचे दोन्ही घटक आजही स्वतंत्रपणे वापरात आहेत.

प्रथम शब्द फोडावा: उलथणे आणि पालथा. मग लगेच कोश न उघडता हे घटक रोजच्या बोलण्यात कुठे येतात ते पाहावे. कोकणातल्या स्वयंपाकघरात दोन्ही भेटतात. बिडाच्या तव्यावर घातलेल्या घावनाच्या कडा सुटू लागल्या की ते उलथतात, आणि ज्याने उलथायचे त्या साधनाचे नावही उलथणेच आहे. घासलेली पातेली मात्र पाणी निथळावे म्हणून पालथी घालतात. म्हणजे पहिल्या घटकात क्रिया आहे आणि दुसऱ्यात तिच्यानंतरची स्थिती. पावसाळ्यापूर्वी माळ्यावरचे सामान उतरवून, झटकून पुन्हा लावणे ही आवराआवर. सापडत नसलेल्या खरेदीखतासाठी त्याच माळ्यावर वरचे खाली आणि खालचे वर करणे ही उलथापालथ.

अर्थाच्या पडताळणीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देवनागरीत शोधता येते. उगमासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ जवळ असावा.

‘पालथा’ची साखळी अधिक स्पष्ट असल्याने तो आधी घ्यावा. संस्कृत ‘पर्यस्त’, प्राकृत ‘पल्लत्थ’, मराठी ‘पालथा’. एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नये, तर प्रत्येक ध्वनिबदलाला दुसऱ्या शब्दाची साक्ष काढावी, आणि माझ्या मते या अभ्यासातला खरा आनंद इथेच आहे. ‘र्य’चा ‘ल्ल’ होतो याची साक्ष ‘पर्यंक’पासून आलेला ‘पलंग’ देतो. ‘स्त’चा ‘थ’ होतो हे ‘मस्तक’–‘माथा’ आणि ‘पुस्तिका’–‘पोथी’ या जोड्यांत दिसते. शेवटी अर्थ जुळतो का ते तपासावे: ‘पर्यस्त’मध्ये ‘परि’ हा उपसर्ग आणि फेकणे या अर्थाचा ‘अस्’ हा धातू आहे, म्हणून उलटून टाकलेले ते पर्यस्त, आणि हा अर्थ पालथ्या पातेल्यापर्यंत सरळ पोहोचतो.

प्रत्येक जोडशब्दाला ही रीत जशीच्या तशी लावू नये. ‘अदलाबदल’मधील ‘बदल’ हा अरबीतून आलेला आहे आणि ‘अदल’ केवळ नादासाठी जोडलेला आहे. तिथे अर्थ असलेल्या घटकाचाच उगम शोधावा, दुसऱ्यासाठी धातू जुळवीत बसू नये.